गस्तीसाहेबाचा सूर

त्याचं खरं नाव ओग्यूस्त. आडनाव त्याहून अवघड होतं आणि दवाखान्यातल्या आम्हा कुणालाच ते कधी धड म्हणता आलं नाही. बायका आधी त्याला गुस्तसाहेब म्हणायच्या. पण रोज सकाळी दवाखान्याभोवती मागे हात बांधून दोन फेऱ्या मारायची त्याची सवय होती. ते पाहून कुणीतरी गुस्तचं गस्ती केलं, आणि मग तेच नाव राहिलं. त्यालाही ते आवडत असावं. कुणी नवखा आला की तो स्वतःच सांगे, "मी गस्ती. हवा पाह्यतो."

आलापल्लीच्या पुढे जंगलात मिशनचा एक लहान दवाखाना होता. विदर्भ अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. मी ब्रह्मपुरीचा, कंपाउंडरकीची परीक्षा देऊन नवाच तिथे लागलो होतो. डॉक्टर महिन्यातून दोनदा चांद्याहून यायचे. बाकीचे दिवस सिस्टर मारी, मी आणि दोन दाया मिळून सारं सांभाळायचो. सिस्टर बेल्जियमच्या, साठीला आलेल्या, काटक बाई. गोंडी अशी बोलायच्या की म्हाताऱ्या माडिया बायका त्यांना माहेरच्यासारखं रागवायच्या. तापाचे दिवस असले की पहाटेपासून रांग लागे आणि संध्याकाळी आमचे पाय आमचे राहत नसत.

अशाच एका दिवशी सागाचे ओंडके पोचवून परत येणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून गस्तीसाहेब उतरला. सहा फूट उंच, खांदे पुढे झुकलेले, अंगावर या उन्हात लोकरी कोट. सिस्टर रांग सोडून धावल्या. आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "हा माझा धाकटा भाऊ. थोडे दिवस राहील."

थोडे दिवस म्हणजे साडेचार वर्षं झाली.

त्याला काय काम द्यावं हा प्रश्नच होता. औषधातलं त्याला कळत नव्हतं. शेवटी धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायचं काम त्याच्याकडे आलं. मी आजवर इतक्या घट्ट, इतक्या सारख्या पट्ट्या पाहिल्या नाहीत. मोठमोठी बोटं होती, पण कापड त्यांत अगदी नीट फिरे. व्हरांड्यात बसून तो पट्ट्या करी आणि रांगेतल्या लोकांकडून भाषा शिके. त्यामुळे त्याची मराठी पक्की झाडीपट्टीची झाली. काऊन, कुठी, मले, तुले. पुस्तकातलं एक वाक्य त्याला येत नव्हतं. शिवाय तो सगळ्यांना 'तू' म्हणे. डॉक्टरांना तू, फॉरेस्टच्या रेंजरसाहेबांना तू, आणि शेळी घेऊन आलेल्या पोरीलाही तू. सिस्टरनी पुष्कळदा समजावलं. तो म्हणे, "काऊन? माणूस एकच हाये ना समोर?"

त्याच्या खिशात एक पत्र्याची चपटी डबी असे. तीत कापसावर ठेवलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या वेताच्या बारीक पत्त्या. रोज सकाळी फेऱ्या झाल्या की तो औषधाच्या मापाच्या ग्लासात पाणी घेई, एक पत्ती भिजवी, उजेडात धरून पाही, पुसून परत ठेवी. एवढंच. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सवय. चहा नाई सुटत ना तुहा? तसं."

त्याची हकीकत मला सिस्टरनी सांगितली, एका दुपारी सुया उकळताना. आपल्या सनईसारखंच तोंडानं वाजवायचं, काळ्या लाकडाचं आणि चांदीच्या कळांचं एक वाद्य असतं, ओबो नावाचं. त्या डबीतल्या पत्त्या त्याच्याच, फुंकायच्या टोकाला लावायच्या आणि वाजवणाऱ्यानं स्वतः खरवडून करायच्या. बेल्जियममध्ये ते वाजवणारा ओग्यूस्तसारखा दुसरा नव्हता. विसाव्या वर्षी तो तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात बसला. पुढे त्याच्यासाठी म्हणून लोक नव्या रचना लिहू लागले. चार देशांतली मुलं शिकायला येत, आणि आज त्या देशांतल्या वाद्यवृंदांत पहिल्या खुर्चीवर त्याचेच विद्यार्थी बसलेले आहेत. लग्न केलं नाही, घर केलं नाही. आणि मग बावन्नाव्या वर्षी, भरल्या सभागृहात, त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. पत्तीवर टिकेना. डॉक्टर झाले, विजेचे उपचार झाले, दोन वर्षं गेली. ओठ काही परत आला नाही.

"मग मी लिहिलं, इकडे ये," सिस्टर म्हणाल्या. "तिथे सगळे त्याच्या तोंडाकडेच बघायचे."

तो स्वतः याबद्दल एकच वाक्य बोले. "माह्या ओठानं राजीनामा दिला."

पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याच्या नावानं एक जाड पार्सल आलं. आत त्याच्याच जुन्या वादनाची ग्रामोफोनची तबकडी आणि एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र. आमच्याकडे कुठला ग्रामोफोन! पण आलापल्लीच्या रेंजरसाहेबांकडे चावीचा होता. त्यांना कळलं तसं त्यांनी आम्हाला दुपारच्या चहाला बोलावलं. गस्तीसाहेबाला जायचं नव्हतं. सिस्टरनी जवळजवळ ढकलूनच पाठवलं, सोबत मला.

बंगल्याच्या बैठकीत रेंजरसाहेब, त्यांची बायको आणि लाकडाच्या डेपोतले एक कारकून बसलेले. तबकडी लागली. मला त्या संगीतातलं काही कळत नाही, पण तो आवाज आठवतो. बारीक, सरळ आणि जराही घाई नसलेला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो खिडकीतून बाहेर, डेपोत ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्के मारणाऱ्या माणसांकडे. मध्येच एका जागी त्याची मान किंचित हलली.

संपल्यावर रेंजरीणबाई म्हणाल्या, "किती छान वाजवलंत हो! पुन्हा लावू?"

"काऊन?" तो म्हणाला. "तबकडीतला थो एकदा चुकला. परत लावली तर परत चुकन."

कुणालाच काही कळलं नाही. त्यानं चहा संपवला, रेंजरसाहेबांना "तुहा चहा चांगला होता" म्हटलं आणि आम्ही निघालो. वाटेत मी विचारलं, कुठे चुकलं? मला तर काहीच जाणवलं नाही.

"मधात एक श्वास हाये. चुकीच्या जागी घेतला. तेवीस वर्षं झाली, कोणी नाई बोललं. पण मले दर टायमाले तिथी दम लागते." मग म्हणाला, "बाबू, चाळीस वर्षं वाजवलं म्हणतात. खोटं हाये. तीस वर्षं त पत्त्या खरवडल्या. दहा वर्षं वाजवलं."

त्या पार्सलातल्या पत्राबद्दल सिस्टरनी नंतर सांगितलं. विद्यार्थी आता संगीत विद्यालयाचा मुख्य झाला होता आणि त्यानं गुरूला शिकवायला बोलावलं होतं. ओठ नसला तरी चालेल, असं त्यानं मोकळेपणानं लिहिलं होतं. गस्तीसाहेबानं नकार कळवला. मला म्हणाला, "शिकवणं म्हणजे वाजवून दाखवणं. तोंडानं बोलणारे मास्तर तिथी लई हायेत."

सोमाजी दवाखान्यात आला तो दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. जवळच्याच गावचा, पन्नाशीचा सनईवाला. बापजाद्यांपासून घरात सनई होती. पण सनईवर चूल पेटेना, म्हणून तो आणि त्याचा धाकटा भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला गेले. भाऊ तिथेच तापानं गेला. सोमाजी परतला तो छातीत शिट्ट्या घेऊन. गुडघ्यांवर हात टेकून व्हरांड्याच्या खांबाला लागून बसला होता आणि प्रत्येक श्वासाला खांदे कानांपर्यंत जात होते. मी एफिड्रिनची गोळी दिली. थोडं उतरलं. सिस्टर म्हणाल्या, यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

गस्तीसाहेब पट्ट्या सोडून त्याच्यासमोर उकिडवा बसला. बराच वेळ नुसता त्याच्या छातीकडे बघत राहिला.

"भाऊ, तू हवा घेते. घेते, घेते, घेते. सोडते कुठी?"

सोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. "का म्हणते जी हा साहेब?"

"आत जुनी हवा भरून हाये," गस्तीसाहेब म्हणाला. "नवी कुठी जाईन? आधी सोड. सगळी सोड. मंग घे." आणि त्यानं ओठ चंबूसारखे करून, हळू, खूप हळू, श्वास सोडून दाखवला. त्याचा खालचा ओठ थरथरत होता. ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं.

सोमाजीला राग आला. दम लागलेला असतानाही तो भडकला. "मी का लहान पोरगा आहो? माह्या बापानं मले सनई फुकाले शिकवलं. पंचवीस कोसांत माही सनई वाजली. आता हा गोरा मले फुकाले शिकवन?" तो काठी टेकत निघून गेला.

आठ दिवसांनी परत आला. बायकोनं हाताला धरून आणला होता. या वेळी येऊन खांबापाशी बसला. समोर बसून गस्तीसाहेबानं श्वास सोडायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं सोमाजीही सोडायला लागला.

मग ते रोजचंच झालं. रांग उरकत आली की दोघं व्हरांड्याच्या टोकाला समोरासमोर बसायचे. वाटीत पाणी घेऊन बांबूच्या नळीनं त्यात बुडबुडे काढायचे, नळी पाण्यात किती खोल बुडवायची ते गस्तीसाहेब ठरवायचा. "सावकास. अजून सावकास." सोमाजी चुकला तर स्वतः करून दाखवायचा नाही, फक्त त्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवायचा. महिन्याभरात सोमाजी काठीशिवाय यायला लागला. बरा झाला असं मी म्हणणार नाही, तो आजार बरा होणारा नव्हता. पण घुसमटणं कमी झालं. ते पाहून दम्याचे आणखी तीन-चार लोक त्या टोकाला बसू लागले. सिस्टरनी तिकडे एक चटई टाकली.

सोमाजी सनई घेऊन आला त्या दिवशी गस्तीसाहेबानं आपली डबी उघडली. सोमाजीची पत्ती ताडाच्या पानाची होती. दोघांनी एकमेकांच्या पत्त्या उजेडात धरून पाहिल्या, नखावर घासून पाहिल्या. भाषेची गरजच पडली नाही. मग सोमाजी म्हणाला, "आता तुमचं वाजंत्र त दाखवा, साहेब."

साहेबानं खाटेखालची पेटी काढली. मखमलीत तीन तुकड्यांत ठेवलेला ओबो. त्यानं तो जोडला आणि पत्तीसकट सोमाजीच्या हातात दिला. सोमाजीनं गाल फुगवून जोरात फुंकला. असा काही भयानक आवाज निघाला की रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सोमाजीही हसला. "बाप्पा, अडेल बैल हाये हा त."

"हो," गस्तीसाहेब म्हणाला. "अडेलच हाये."

त्यानंतरच्या वैशाखात तो ओबो तडकला. आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी साहेब खाटेवर पडला होता, मी औषधाच्या कपाटाशी होतो. खाटेखालून कट् असा आवाज आला. मला वाटलं, उंदीर. साहेब उठला नाही. वरच्या कौलांकडे बघत म्हणाला, "गेलं लाकूड." मी पेटी उघडून पाहिली. वरच्या तुकड्यावर केसाएवढी भेग, पार खालपर्यंत गेलेली. मी म्हटलं, नागपूरला कुणी दुरुस्त करणारा असेल.

"राहू दे, बाबू. थोही थकला असन."

पेटी त्यानं पुन्हा खाटेखाली सरकवली आणि कुशीवर वळला. त्या उन्हाळ्यात तो फार कमी बोलला. सकाळच्या फेऱ्याही बंद झाल्या. पट्ट्या गुंडाळायचा, सोमाजी आला की त्याच्यासमोर बसायचा, आणि सिस्टरनी ताट पुढे ठेवलं की अर्धं जेवून उठायचा. त्यांना भीती वाटू लागली होती. भाऊ आपल्याकडे येऊन इथेच विझणार, असं त्या मला एकदा म्हणाल्या.

सोमाजीला एकच मुलगी, शेवंता. चौथ्या वर्षीच्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे लोक चांद्याजवळचे, ते म्हणाले आम्ही बँड आणतो. सोमाजीला ते लागलं. दवाखान्यात येऊन तो गस्तीसाहेबाला म्हणाला, "मी लोकाइच्या हजार पोरी वाजवत सासरी पाठवल्या. माही एकच हाये. तिच्या मांडवात दुसऱ्याचा पितळी भोंगा वाजन का?"

"मंग तू वाजव."

"दम नाई पुरत. आणि सूर कोण धरन? भाऊ त गेला."

सनईवाल्याच्या जोडीला दुसरा एक माणूस लागतो. त्याच्या सनईतून एकच स्वर अखंड चालू ठेवायचा असतो. त्याला सूर धरणं म्हणतात. सोमाजीचा सूर जन्मभर भावानं धरला होता.

सोमाजी म्हणाला, "साहेब, तुम्ही धरा."

गस्तीसाहेब उठून उभा राहिला. "मी नाई वाजवत. तुले मालूम हाये."

"वाजवा कोण म्हणते जी? नुसता धरा."

तो आत निघून गेला. सोमाजी तासभर बसून राहिला आणि शेवटी उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा व्हरांड्यात साहेबाच्या मांडीवर सोमाजीच्या भावाची ती साधी सनई होती. सकाळी सिस्टरच ती सोमाजीकडून मागून आणून आपल्या भावापुढे ठेवून गेल्या होत्या. ताडाची पत्ती पूर्ण तोंडात घ्यावी लागते, ओठांची बारीक पकड लागत नाही. तरीही स्वर हलत होता. तो थांबे, ओठ पुशी, पुन्हा धरी. दोन महिने रोज हे चाललं. कधी कधी तो सनई खाली ठेवून भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसायचा. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

लग्न फाल्गुनात, सकाळच्या मुहूर्ताचं. बँड अखेर आलाच नाही, सोमाजीनं मुलाच्या बापाला हात जोडून कबूल करून घेतलं होतं. मांडवात पाटावर सोमाजी, त्याच्या बाजूला जमिनीवर घोंगडीवर गस्तीसाहेब, गुडघे छातीशी आलेले. डफडेवाला पुढे. मी आणि सिस्टर मागे उभे. सिस्टरनी माझा दंड धरला होता, हे मला नंतर लक्षात आलं.

आधी नुसता सूर आला. हलता, पण लागलेला. मग सोमाजीनं सनई उचलली. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. बायकांच्या ओठांवरचंच काहीतरी होतं, कारण दोन-तीन जणी सोबत गुणगुणू लागल्या. थोडं वाजवलं की सोमाजी सनई खाली घ्यायचा, ओठ चंबू करून सगळी हवा सोडायचा, आणि तेवढा वेळ मांडवात दुसरं काहीच नसायचं. फक्त तो एक स्वर. लोक गप्प होऊन तोच ऐकायचे. साहेबाचे डोळे मिटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, ओठ थरथरतोय, आणि स्वर तुटत नाही. मग सोमाजी पुन्हा उचलायचा.

अक्षता पडेपर्यंत हे चाललं. शेवंता आधीपासून रडत होती, आता तिची आईही रडू लागली. नवरदेवाकडची एक म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. ती आपल्या सुनेला म्हणाली, "सनई चांगली वाजवली बाप्पा. सुरकरी नवा दिसते, सूर हालते त्याचा."

संध्याकाळी साहेबाच्या फुटलेल्या ओठाला ग्लिसरीन लावताना मी त्याला ते सांगितलं. तो हसायला लागला. ओठ दुखत होता, तो हातानं धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बराबर हाये तिचं," म्हणाला. "नवाच हाये मी."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे शाई मागितली आणि आपल्या त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. अजून जागा असली तर येतो, असं. मी विचारलं, वाजवून न दाखवता शिकवणार कसं? तो म्हणाला, "सोमाजीले शिकवलं तसं."

लगेच या, असं उत्तर यायला पावसाळा निम्मा सरला. पुढचं मला सिस्टरकडून कळत गेलं. गेल्यावर त्यानं अनेक वर्षं शिकवलं, आणि त्याची मुलं वाजवताना आधी श्वास सोडतात म्हणून ओळखली जाऊ लागली. सोमाजी आणखी तीन वर्षं जगला आणि आपल्या घरी, खाटेवर बसल्या बसल्या गेला. दवाखान्यातली ती चटई माझी बदली होईपर्यंत तिथेच होती. दम्याचे लोक तिथे आपापले बसायचे.

साहेबाला बल्लारपूरच्या स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. सिस्टर आल्या नाहीत, दवाखान्यात रांग होती. निघताना त्यांनी त्याच्या कोटाची बटणं लावली, कॉलर सारखी केली आणि आत गेल्या. ओंडक्यांच्या ट्रकमधून, नदीवर होडीतून, पुन्हा ट्रकमधून आम्ही आलो. सगळा रस्ता चिखलाचा. स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागलेलीच होती. मी त्याला खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची सुरई आत ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी आलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं.

तो झोपला होता. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड जरा उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. समोरच्या बाकावरची बाई आपल्या लेकराला गप्प करत होती. मी एकदा हाक मारली, ती हळूच. मग पुन्हा मारली नाही. शिट्टी झाली, डबे हलले, धक्का बसला तसं त्याचं डोकं गजावरून सरकून पुन्हा टेकलं. डोळे उघडले नाहीत. मी डब्याबरोबर थोडा चाललो आणि फलाट संपला तिथे थांबलो.